उंबऱ्याबाहेरचे धपाटे

“खा! खा म्हणलं की! तुझ्या लेकीच्या पुण्याईनं उरलंय सगळं, तूच खा आता!”

आत्यानं वरणाचं पातेलं आईच्या पुढ्यात असं आदळलं की वरण उसळून आईच्या नव्या साडीवर सांडलं. आईनं पदराचं टोक ओलं करून डाग पुसला अन् परत ताटात हात घातला. तिला घास गिळंना, ते मला समोरून दिसायलं होतं. गालात तसाच धरून बसली होती.

“आक्का, पोट भरलंय. दुपारी खाते थोडं.”

“दुपारी, मग संध्याकाळी, मग उद्या! देव थांबतील व्हय तुझ्यासाठी? पावणेसहाला मूळ नक्षत्र संपायलंय. त्याच्या आत भांडी रिकामी पाहिजेत.”

तीन वर्षं झाली ह्याला. मी सोळाचा होतो. आमच्या घरी, उदगीरला, महालक्ष्म्या असतात. दोघी उभ्या, साड्या नेसलेल्या, पितळी मुखवट्याच्या. पहिल्या दिवशी येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. दुसऱ्या दिवशीचं जेवण म्हणजे विचारूच नका. सोळा भाज्या एकत्र करून एक भाजी, पुरणाच्या पोळ्या, कढी, वरण, भात. अन् आमच्या घरात एक नियम हाय, तो सगळ्यांकडं नसतो. ते अन्न उंबऱ्याबाहेर जात नाही. डब्यात भरून कुणाला द्यायचं नाही, गायीला टाकायचं नाही, शेजारच्या लेकराच्या हातावर पोळीचा तुकडासुद्धा नाही. ज्याला खायचं त्यानं आत येऊन खायचं. अन् उरलं तर तिसऱ्या दिवशी, देव उठायच्या आत, घरच्यांनी संपवायचं. अन्न बाहेर गेलं की लक्ष्मी त्याच्या मागं गेली, असं आत्या सांगायची.

त्या वर्षी पंचवीस माणसाचा स्वयंपाक झाला अन् एक माणूस जेवायला आलं नाही. भावकी सगळी गावातच होती. कुणाचा पाय मुरगळला, कुणाला पित्त झालं. एकाच दिवशी एवढी माणसं आजारी पडलेली मी आयुष्यात बघितली नव्हती.

कारण माझी ताई, भाग्यश्री. अकरा महिन्यांमागं तिनं उमाकांतशी कोर्टात लग्न केलं होतं. त्याची जात वेगळी. कुठली ते सांगत नाही, सांगितली की तुम्ही लगेच खाली-वर लावायला बसणार. त्याचं देगलूर रोडला वेल्डिंगचं दुकान, मागं राहायची खोली. आमच्या घरापासून सायकलवर दहा मिनिटं. तेवढ्या दहा मिनिटावर असून अकरा महिने आईनं तिचं तोंड बघितलं नव्हतं. दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, एकदाच सांगितलं होतं: तिच्याकडं गेलीस तर तिकडंच राहायचं.

अन् मी त्या उमाकांतचा हात मोडला होता. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी, त्याच्याच दुकानात. केस झाली नाही, ताईनं होऊ दिली नाही. शाळेत पोरं आधी शाबास म्हणली, मग ताईवरून घाण बोलायली. एकाचं नाक फोडलं. मग शाळाच संपली माझी. तर असं सगळं होतं अन् आम्ही चौघं सकाळी अकराला ते शिळं संपवायला बसलो होतो.

“नागू, बघ की तुझ्या बायकोचं,” आत्या दादांना म्हणली. “दहाचं कर म्हणून सांगितलं होतं मी. पण नाही, हिला वाटलं लोकं येतील. ज्याचं नाक गेलं त्याच्या घरी कोण येतंय जेवायला?”

दादा शिंपी. मशीनवर मान खाली घालायची सवय, ती ताटावर बी तशीच.

“आक्का, तिचा विषय नको जेवताना,” ते म्हणले.

“मी कुठं काढला? बायकोच्या डोळ्यात बघ तुझ्या. कालपासून तिथंच बसलीय ती.”

“ए आत्या, गप की!” मी म्हणलं.

“तू गप. शाळा सोडलेला रेडा! चार पोळ्या संपव आधी, मग बोल.”

“मला नको तुझ्या पोळ्या.”

“माझ्या? देवाच्या हायत मुडद्या!”

मला एकदम चढलं. आत्याचा राग, ती बोलते म्हणून. दादांचा राग, ते बोलत नाहीत म्हणून. आईचा, ती घास गिळत बी नाही अन् थुंकत बी नाही म्हणून. अन् सगळ्यात जास्त ताईचा. ती तिकडं मजेत गरम भाकरी खात असंल अन् आम्ही हितं तिच्या नावाचं शिळं ढोसायचं.

मी उठलो. भाजी अन् वरण एका डब्यात कोंबणार होतो, पण दोन डबे घावले. कढीला किटली घेतली. भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवून फडक्यानं बांधलं.

“काय करायलास रे?” आत्या.

“जिच्यामुळं उरलं तिच्या तोंडावर नेऊन टाकतो. तिलाच खाऊ दे.”

“व्यंक्या, नको रे,” आई म्हणली. पण जागची हलली नाही.

आत्या हसली. “जाऊ दे गं, नुसता फुगा हाय. जा की रे. उंबरा ओलांडून दाखव.”

मला असं कुणी डिवचायचं नसतं.

सायकलच्या हँडलला दोन डबे, गळ्यात किटली, कॅरिअरला पातेलं दोरीनं बांधून मी गल्लीत आलो तेव्हा मागून आवाज आला, “गेली! लक्ष्मी गेली रे नागू घरातनं!” मी मागं बघितलं नाही. पोळ्या तेवढ्या विसरलो होतो, पण त्यासाठी परत कोण जातंय?

ताईनं दार उघडलं अन् मला बघून उंबऱ्यावरच उभी राहिली. लग्नानंतर बारीक झाली होती. अंगावर गाऊन, त्यावर ओढणी, हाताला पीठ.

“आज कुणाचा हात मोडायचाय?” ती म्हणली. “ते घरी नाहीत.”

“तुझ्यासाठी आलोय.”

“माझा मोड मग.” तिनं उजवा हात सरळ माझ्या तोंडासमोर धरला.

मी तिला बाजूला सारून आत गेलो अन् डबे खाली आपटले. “घे. पंचवीस माणसाचं उरलंय. तुझ्यामुळं एक कुत्रं फिरकलं नाही दारात. खा आता, पोट फुटस्तोवर खा!”

तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. खाली बसली, डब्याचं झाकण काढलं, वास घेतला. मग भाजी बोटानं चाळायला लागली. ओठ हलायले तिचे, काहीतरी मोजायली होती.

“कारलं नाही घातलं ह्यावर्षी?”

“मला काय माहीत!”

“पंधराच हायत. आई कारलं कधी विसरत नसती. बरं नाही का तिला?”

काल घरात बसून सगळ्यांची तोंडं बघितली मी, कोण कुणाकडं कसं बघायलंय सगळं टिपलं, पण भाजीत कारलं नव्हतं हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मग ताईचा चेहरा बदलला. “व्यंक्या, हे महालक्ष्मीचं हाय. हे तू उंबऱ्याबाहेर आणलास?”

“दिसंना का?”

तिनं अशी ठेवून दिली की कान वाजला माझा. “गाढवा! तू जाशील सायकलवर बोंबलत हिंडायला. ऐकून कुणी घ्यायचं? आईनंच ना? जन्मभर बोलंल आत्या तिला! उचल ते. परत ने.”

“नेत नसतो.”

“ने म्हणलं.”

“एकदा बाहेर आलेलं आत्या आत घेईल का? डोकं हाय का तुला?”

तिनं हातातलं झाकण खाली ठेवलं. मला बरं वाटलं. तिनं वरणाचा वास घेतला, किटलीतली कढी बोटावर घेऊन चाटली.

“कढी आंबली. वरणाला बी चारपर्यंत वास सुटंल.” तिनं ओढणी काढून खुंटीला टांगली. “टाकता तर येत नाही. परात काढ ती, फळीवरची.”

“मी?”

“नाही, तुझी आत्या! काढ.”

अन् मी काढली. कामून काढली ते मला अजून कळालेलं नाही.

तिनं सगळा भात परातीत ओतला अन् हातानं चुरडला. त्यावर भाजी. भोपळा, गवार, दोडका, चवळी, सगळं मऊ पडलेलं, ते बोटानं दाबून एक केलं. घट्ट वरण. मग ज्वारीचं पीठ, दोन मुठी बेसन, तीळ, ओवा, ठेचलेली मिरची. लसणाच्या चार पाकळ्या हातात घेतल्या, बघितल्या, अन् परत डब्यात टाकल्या. महालक्ष्मीच्या अन्नाला लसूण चालत नाही. तिथं तिला बघणारं कुणी नव्हतं. मी होतो, पण माझ्याकडं तिचं लक्ष नव्हतं.

“मळ,” ती म्हणली.

“मला येत नाही.”

“हात मोडता येतो, पीठ मळता येत नाही?”

मी दात खाऊन मळायला बसलो. ती वरून आंबट कढी ओतायली. पाण्याचा थेंब घातला नाही. तिनं ओलं फडकं पोळपाटावर पसरलं, गोळा थापला, बोटानं मधी पाच भोकं पाडली, फडक्यासकट तव्यावर उलटा टाकला अन् फडकं अलगद सोलून घेतलं. भोकात तेल सोडलं. चर्र झालं.

वास सुटला अन् माझं पोट बोलायलं. काल दुपारपासून मी त्याच अन्नाकडं पाठ करून बसलो होतो. घरात ते अन्न बघितलं की कोण आलं नाही ते ताटात दिसायचं. हितं ते धपाटे झाले होते, कडा करकरीत अन् आत लोण्यासारखे मऊ, जिभेवर आधी आंबट, मग तिखट, मग कुठंतरी भोपळ्याचा गोडवा. तिनं माझ्यासमोर ताटली आपटली. मी खाल्ले. तीन खाल्ले.

“कसे झालेत?”

“खारट.”

“खारट? मग चौथा कामून उचललास?”

मी तो बी खाल्ला.

एक वाजता उमाकांत आला. दारात मला बघून थांबला. गडी माझ्यापेक्षा डोक्यानं उंच, पण पाऊल आत पडंना त्याचं. उजवा हात आपोआप पाठीमागं गेला. मला दिसलं ते. त्याला बी कळालं की मला दिसलं.

“हा कामून आलाय?”

“जेवायला,” ताई म्हणली.

“कुणाला विचारून?”

“मला विचारून. घर माझं बी हाय. बसा.”

तो स्टुलावर बसला, दाराच्या अगदी जवळ. ताईनं दोन धपाटे त्याच्या पुढं ठेवले.

“त्यानं नाही खायचं,” मी म्हणलं.

“का?”

“हे घरच्यांनी संपवायचं असतंय.”

ताई उलथनं घेऊन फिरली. “मग हे कोण हायत? भाडेकरू?”

“राहू दे,” उमाकांतनं ताटली लांब सारली. “तुमच्या देवाचं तुमच्याकडंच ठेवा. मला तुमच्या घरचं मिळालंय एकदा, ते पुरे झालं.” अन् त्यानं हात पुढं करून दाखवला. मनगटापासून वर फुगीर व्रण, अन् दोन बोटं सरळच राहिलेली. वळत नव्हती. “होल्डर धरता येत नाही मला नीट. डाव्या हातानं वेल्डिंग करायलोय. बघ, बघ की. बघायलाच आलास ना?”

“मी बोटं बघायला आलो नव्हतो.”

“मग बघूनच जा.”

मी उठलो होतो. अजून एक शब्द बोलला असता तर मी काय केलं असतं ते सांगता येत नाही. तेवढ्यात दारात सावली पडली.

आई होती. चालत आलेली. तीच नवी साडी, त्याच्यावर वरणाचा पिवळा डाग. घामानं कुंकू नाकापर्यंत आलेलं. ताई जिथं होती तिथंच थिजली. तवा धूर करायला लागला. मला वाटलं आता रडारड होणार.

“डबे कुठायत?” आई म्हणली.

ताईनं बोटानं दाखवलं. आईनं झाकणं काढून बघितली. रिकामे.

“अन् अन्न?”

“धपाटे केले.”

“लसूण?”

“नाही घातला.”

आईनं टोपल्यातला एक उचलला, दुमडून बघितला. तुटला नाही. “कढीत मळलास?”

“व्हय.”

“म्हणून मऊ झालेत.” आई भिंतीला टेकून खाली बसली. “वाढ.”

“आई, दादा?” मी विचारलं.

“त्यांना सांगून आले. पोरानं देवाचं अन्न बाहेर नेलं, घरच्या बाईनं जाऊन आणायला पाहिजे. काय बोलतील त्याच्यावर? तुझ्या आत्याला बी बोलता आलं नाही.”

अन् मग ती जेवली. सकाळी जिला एक घास गिळत नव्हता तिनं पाच धपाटे खाल्ले, दह्यासंगट, बोटं चाटून. ताई एकेक करून तव्यावरून तिच्या ताटात टाकायली अन् आई खायली. दोघी एकमेकीकडं बघत नव्हत्या. बघितलं असतं तर जेवण राहिलं असतं.

हात न धुताच आई उमाकांतकडं वळली. “तुम्ही नाही जेवलात?”

“मला भूक नाही.”

“घरच्यांनी संपवायचं असतंय हे. तुम्ही नाही खाल्लं तर उरंल.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं. त्यानं ताटली मांडीवर घेतली अन् धपाटा तोडायला गेला. ती दोन बोटं वळंनात. अंगठा अन् करंगळीत धरून ओढायला लागला, धपाटा निसटला. परत धरला. परत निसटला. खोलीत तेवढाच आवाज, ताटलीचा. आईनं हात लांब करून त्याच्या ताटलीतला धपाटा घेतला, बारीक तुकडे केले, दह्यात बुडवले अन् परत ठेवला. तो खाली मान घालून खायला लागला.

मी बाहेर जाऊन उभा राहिलो. बाहेर ऊन होतं म्हणून आत आलो. परत बाहेर गेलो.

दुपारभर परत परत बसून खाल्लं, टोपल्यात एकच धपाटा राहिला. पाचला दादा आले. सायकलवरून उतरले नाहीत, एक पाय खाली टेकून रस्त्यावरच उभे. दुकानाच्या पत्र्याकडं बघत बोलायले.

“अगं ए. चल. पोळ्या संपवल्या आम्ही. पाऊण तास राहिलाय.”

आई दारात आली. “येते. भाग्या येईल माझ्यासंगट. अन् जावई बी.”

“काय बोलायलीस?”

“देवाचं अन्न ज्यांनी संपवलं ते घरचेच झाले. त्यांनी देवाला निरोप द्यायला नको?”

“आक्का काय म्हणंल?”

“आक्काला म्हणावं, तूच टाक अक्षता. तूच हलव मुखवटे.”

ते काम घरच्या सवाष्णीचं. आत्या विधवा होती, तिला ते चालत नव्हतं, अन् घरात दुसरी बाई नव्हती. आईच्या तोंडून एवढं वाईट बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. आई नाही गेली तर पावणेसहाला महालक्ष्म्या तशाच उभ्या राहणार होत्या. भावकीला हे कळालं असतं तर पुढची वीस वर्षं बोलायला मिळालं असतं त्यांना.

“व्यंक्या,” दादा म्हणले, “आईला घेऊन ये.”

नेहमीचं हे. स्वतः सायकलवर अन् मी पुढं. मी दाराला टेकून राहिलो.

“ऐकू येईना का?”

“येतंय.”

एक ट्रॅक्टर गेला. दादांनी घड्याळ बघितलं.

“भाग्या,” ते पत्र्याकडं बघतच म्हणले, “चप्पल घाल.”

अकरा महिन्यांनी पहिला शब्द. ताई हलली नाही. “अन् हे?”

“त्यांचं ते बघतील.”

“मग आम्ही बी आमचं बघतो.”

“मी तसा बी येत नाही,” उमाकांत आतून म्हणला. उठून दारात आला तो. “असं नाही येत. ज्यानं मारलं त्यानं बोलवावं. त्याच्या तोंडानं. मगच येईन.”

सगळे माझ्याकडं बघायले. आई, ताई, तो. दादांनी सुद्धा बघितलं, अन् त्यांच्या नजरेत जे होतं ते बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली. सुटल्यासारखं झालं होतं त्यांना. चला, पोरावर गेलं, पोरगं बघून घेईल.

“मी एकट्यानं मारलं नाही,” मी म्हणलं.

“मग? दुकानात तू एकटाच होतास,” उमाकांत म्हणला.

“मारलं मीच. पण मी हातानं मारणार होतो. घरातनं निघालो तेव्हा हात रिकामे होते माझे. आमच्या शिलाईच्या दुकानातला लोखंडी गज, कापड मोजायचा, तो कुणी दिला हातात? विचारा. दारापर्यंत येऊन कुणी दिला, विचारा ह्यांना!”

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आत्याला नाही, आईला नाही. गावात सगळे म्हणायचे, पोरगं तापट हाय, बाप बिचारा देवमाणूस. मी ऐकून घ्यायचो. ताईला वाटायचं, सगळं माझ्याच डोक्यातलं होतं.

आईनं दादांकडं बघितलं. तसली नजर कुणाच्या वाट्याला येऊ नये.

दादा नाही म्हणले नाहीत. तेवढं करता आलं असतं त्यांना, माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नसता. मग ते सायकलवरून उतरले. स्टँड लावलं. दोनदा पाय मारला तेव्हा लागलं. चपला काढून आत आले अन् उमाकांतच्या समोर उभे राहिले. वर बघावं लागत होतं त्यांना.

“तुमचा हात,” ते म्हणले. “गज मी दिला. खरं हाय.”

दादांनी टोपल्यातला उरलेला धपाटा उचलला, थंड झालेला, अन् उभ्यानंच खाल्ला. पाणी सुद्धा मागितलं नाही.

“चला,” ते म्हणले. “अर्धाच तास राहिलाय.”

“कुणाला म्हणायलात?” उमाकांतनं विचारलं.

“तुम्हालाच. शेजाऱ्याला म्हणायलोय का?”

उमाकांत माझ्याकडं वळला. म्हणजे सुटका नव्हतीच.

“चला दाजी,” मी म्हणलं. तेवढंच बोललो, अन् ते बी रागातच.

आई, ताई अन् दाजी रिक्षात, मी अन् दादा सायकलवर, घरी पोचलो तेव्हा अकरा मिनिटं राहिली होती. आत्यानं ताईला उंबऱ्यात बघितलं अन् स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडं तोंड करून बसली. आजपर्यंत ती ताईशी बोललेली नाही. ताईनं केलेलं ती खात नाही. आईनं अक्षता टाकल्या, मुखवटे हलवले, दादा हात जोडून मागं उभे होते, एका बाजूला ताई, एका बाजूला मी. दाजी दाराजवळ. सगळे एकत्र, अन् कुणाचंच कुणाशी पटलेलं नव्हतं.

त्यांना सोडायला मी गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. ताई पुढं चालायली होती. दाजी माझ्या बाजूला.

“मी तुला माफ केलेलं नाही,” तो म्हणला.

“मी माफी मागितलीच कुठं?”

“मागशील.”

“बघू.”

अजून मागितलेली नाही. बोलतो आम्ही, भांडतो, एकदा गचांडी बी धरली होती एकमेकाची. आज लातूरला त्याच्या बोटांचं ऑपरेशन हाय, दुसरं. ताई म्हणली संग कुणीतरी पाहिजे, दादा म्हणले मी जातो, अन् दाजी म्हणला, नको, व्यंक्याला पाठवा. कामून म्हणला ते विचारलं नाही मी. साडेसातची गाडी हाय अन् खाली तो माझ्या नावानं बोंब मारायलाय. मला निघायला पाहिजे आता.